बघितलंस म्हणतोस ना, मग सांग काय बघितलंस

इकडे ये. बसू नकोस, उभा राहा. शाळा सोडून तुला जमाना झाला, मिशा फुटल्या, गोवंडी स्टेशनबाहेर मोबाइलच्या दुकानात नोकरी लागली, सगळं खरं. पण रस्त्यात दिसले की अजून ‘बाई’ म्हणून हाक मारतोस ना? मग बाईंचे चार शब्दही ऐकून घे, मुकाट्याने.

काल टपरीवर तुझं प्रवचन चाललं होतं. मी मागेच उभी होते, कोथिंबिरीची जुडी घेऊन. अर्धं कटिंग संपायच्या आत तू अर्धा डझन पिक्चरांचा निकाल लावलास. ‘शोले’ स्लो. जुन्या पिक्चरांतली मारामारी सगळी फेक. ‘डोंबिवली फास्ट’मध्ये ॲक्शनच नाही. ‘आरआरआर’ला लॉजिक नाही, पण पैसा वसूल. ‘ॲनिमल’ भारी. ‘जवान’ त्याहून भारी, कारण हजार कोटी. आणि भोवतीची पोरं माना डोलवत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला! दहावीच्या पेपरात असं उत्तर लिहिलं असतंस तर शून्य दिलं असतं मी, आणि खाली लाल शाईत ‘पालकांना भेटायला सांगा’ असा शेराही मारला असता.

लगेच तोंड वाकडं करू नकोस. बाईंना मारामारीचे पिक्चर आवडत नाहीत, असं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. मला आवडतात. तिकीट काढून बघते, आणि ‘वीकडेज’ला बघते, कारण शनिवार-रविवारच्या दरात माझं पेन्शन बसत नाही. तेव्हा तुझ्या आवडीशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते असं, की तीन तास अंधारात बसून आलास आणि काय बघितलंस यातलं एक वाक्य तुला सांगता येत नाही.

‘फेक’ म्हणालास ना, तिथूनच धरू. गोवंडीच्या अलीकडचं स्टेशन कोणतं? चेंबूर. तिथे काय होतं? आर. के. स्टुडिओ, हे तुला ठाऊक आहे, कारण २०१७ मध्ये तो जळला आणि पुढे बिल्डरकडे गेला तेव्हा टीव्हीवर बातम्या आल्या. पण त्याच चेंबुरात होमी वाडियांचा बसंत स्टुडिओ होता आणि भगवानदादांचा जागृती स्टुडिओ होता. म्हणजे हिंदी स्टंटपटाचे दोन मोठे कारखाने तुझ्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर. तुला त्यांची नावंही माहीत नाहीत, आणि तू स्टंटवर बोलणार!

भगवानदादा म्हणजे भगवान आभाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः गिरणीत राबलेला. लोकांना त्याचा ‘अलबेला’मधला नाच आठवतो, पण तो १९५१ चा. त्याच्या आधी वर्षानुवर्षं हा माणूस थोडक्या पैशांत स्टंटपट काढत होता आणि ते बघायला गिरण्यांतली, गोदीतली माणसं गर्दी करत होती. १९४२ च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्याला ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. बाईंच्या चेहऱ्याची नस दुखावली, उपचारांत वर्षं गेली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेचा तो बारीक झालेला डोळा तू यूट्यूबवर बघून हसला असशील. तो डोळा एका थपडेचा आहे. आता म्हण फेक.

आणि नादिया. मूळची मेरी एव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. १९३५ च्या ‘हंटरवाली’त ती चाबूक घेऊन उतरली, १९३६ च्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. तेव्हा अंगाला तार बांधून ती मागाहून संगणकावर पुसून टाकायची सोय नव्हती. हो, चलाखी होतीच. वाडियांच्या चित्रपटांत पुढे जादूचं काम करणारे बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या होत्या, आणि ‘काला धागा’ हेच त्यांचं टोपणनाव पडलं. दोरा न दिसू देणं ही करामत. आज हिरव्या पडद्यापुढे तेच करतात, फक्त दोऱ्याच्या जागी पोलादी तार आली. तुला दोरा दिसला नाही म्हणून तू ‘व्हीएफएक्स एक नंबर’ म्हणतोस आणि जुन्या पिक्चरात एकदा दिसला की ‘फेक’ म्हणतोस. मग तू पिक्चर बघतोस की दोरा शोधतोस?

‘शोले’तला टांगा आठवतो? बसंती घोडीला पळवते, मागे डाकू. त्या धावपळीतलं जिवावरचं काम हेमामालिनीच्या जागी रेशमा पठाण या मुंबईच्या मुलीने केलं. टांगा उलटला तेव्हा तिला लागलं. तिच्यावर पिक्चर निघायला २०१९ उजाडावं लागलं. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शनसाठी बक्षीस सुरू झालं ते २०१६ च्या चित्रपटांपासून. पहिलं मिळालं पीटर हेनना, मल्याळम ‘पुलिमुरुगन’साठी. ऑस्करवाल्यांनी तर २०२५ मध्ये कुठे जाहीर केलं की स्टंटला २०२८ पासून बक्षीस देऊ. आणि त्याच २०२५ च्या जुलैत तामिळनाडूत गाडी उलटवण्याचा शॉट देताना एक स्टंटमन गेला. तुझ्या बातमीच्या फीडमध्ये तोही आला असेल. तू अंगठा वर सरकवलास.

आता ‘स्लो’. हा शब्द तुम्हा मुलांनी फार माजवून ठेवला आहे.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला आला आणि मिनर्व्हात पाच वर्षं चालला. सुरुवातीच्या आगगाडीवरच्या दरोड्याचं चित्रीकरण पनवेलच्या बाजूला मुंबई-पुणे मार्गावर झालं, त्याला काही आठवडे लागले, त्यासाठी इंग्लंडहून स्टंटची माणसं आणली होती. पण ते सोड, तो भाग तुलाही आवडतो. तुला कंटाळा आला तो ठाकूरच्या घरच्यांना मारतात तिथे. मला सांग, काय होतं त्या प्रसंगात? नाही आठवत. मी सांगते. एकामागून एक माणसं पडतात आणि मग सगळं शांत. झोपाळ्याची करकर ऐकू येते. घोड्यावरून गब्बर सावकाश येतो, घाई नाही. शेवटी राहतं एक लहान पोर. त्याच्यावर बंदूक रोखली जाते, आणि गोळी लागलेली दाखवतच नाहीत. चित्र तुटतं ते थेट आगगाडीच्या इंजिनावर, आणि त्या गाडीतून ठाकूर घरी यायला उतरतो. ते पोर पडताना कुणी बघितलेलंच नाही, तरी ज्याने त्याने ते मनात बघितलं. त्या करकरीसाठी शांतता लागते, आणि शांततेला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तू खिशातून मोबाइल काढलास. स्लो कोण मग, पिक्चर की तू?

त्याच वर्षीचा ‘दीवार’ घे. गोदीत हप्ता घेणाऱ्या पीटरची माणसं विजयला शोधत गावभर फिरतात, आणि विजय त्यांच्याच गोदामात पाय पसरून बसलेला. ती आत येतात. हा उठतो, दाराला आतून कुलूप घालतो आणि किल्ली पीटरकडे फेकतो: ठेव खिशात, उघडताना तुझ्याच खिशातून काढीन. अजून एक ठोसा पडलेला नाही, बरं का. पण मारामारी सुरू झालेली आहे. दार कुठे आहे तुला कळलं, किल्ली कुणाकडे आहे कळलं, किती जण आहेत कळलं, आणि संपणार कधी तेही कळलं: ती किल्ली खिशातून बाहेर येईल तेव्हा. सलीम-जावेदनी एका किल्लीत अख्खी मारामारी बांधली. आता तू गेल्या महिन्यात बघितलेल्या कुठल्याही पिक्चरातली शेवटची मारामारी आठव. दार कुठे होतं? हीरो कुठून आला? त्याला नेमकं काय हवं होतं? चाळीस माणसं हवेत उडाली, धूळ उडाली, पाठीमागे ढोल वाजला, आणि तुझ्या हाती काय लागलं? ‘भारी’.

तुझा भाऊ बैंगनवाडीत जरीच्या कारखान्यात बसतो. माल उचलायला आलेला व्यापारी लांबून चमक बघून भाव ठरवतो का रे? तो कापड उलटं करतो, मागचा टाका बघतो, नखाने ओढून बघतो. आणि पगारातले तीनशे रुपये मोजून तू मात्र चमक बघून घरी येतोस.

‘डोंबिवली फास्ट’मध्ये ॲक्शन नाही म्हणालास. २००५ चा निशिकांत कामत यांचा पिक्चर. बँकेतला कारकून माधव आपटे, रोजच्या लोकलला लोंबकळणारा, आणि एक दिवस त्याचा तोल जातो. हातात क्रिकेटची बॅट. संदीप कुलकर्णी ती बॅट कशी धरतो ते बघितलंस? ज्याने आयुष्यात कुणाला मारलेलं नाही असा माणूस धरेल तशी. हीच ॲक्शन. तो दहा फूट उडाला असता तर पिक्चर तिथेच मेला असता. याच कामतांनी पुढे हिंदीत जॉन अब्राहमला घेऊन ‘फोर्स’ केला, त्यात उड्या आहेत, गाड्या आहेत, सगळं आहे. तेव्हा त्यांना ते येत नव्हतं म्हणून आपटेला उडवला नाही, असं समजू नकोस.

यावरूनच तुझ्या त्या ‘लॉजिक’चं बघू. ‘आरआरआर’ला लॉजिक नाही म्हणे. अरे, प्रत्येक पिक्चर सुरुवातीलाच आपला कायदा सांगतो. ‘आरआरआर’मध्ये रामचरण पहिल्यांदा दिसतो तो पोलिसाच्या वेशात, हजारोंच्या जमावात एकटा उडी मारून एका माणसाला पकडून आणणारा. ‘बाहुबली’त नायक आख्खं शिवलिंग खांद्यावर उचलून धबधब्याखाली नेऊन ठेवतो. कायदा सांगून झाला: इथे माणसं अशी आहेत. मान्य असेल तर बस, नसेल तर ऊठ. पुढे त्या कायद्याबाहेर पिक्चर गेला, की जो माणूस हत्तीला आवरतो तोच शेवटी कथेची सोय म्हणून दोन गुंडांकडून मार खातो, तर मग ओरड लॉजिक नाही म्हणून. तेव्हा मात्र तू गप्प असतोस, कारण तेव्हा गाणं चालू असतं.

आता मला ज्याचा खरा राग आला ते सांगते.

झोपडपट्टीतला पाठलाग तू किती पिक्चरांत बघितला असशील? हीरो पुढे, गुंड मागे. पत्र्यांवरून उड्या, दोरीवरचे कपडे, उडणाऱ्या कोंबड्या, आणि एक हातगाडी ठरलेली. ती उलटणारच. टोमॅटो रस्त्याभर. थेटरात हशा. तूही हसतोस. अरे, तू शिवाजीनगरात लहानाचा मोठा झालास! तुझे वडील हातगाडी लावत होते, फीसाठी मुदत मागायला शाळेत आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले आहे. एका हातगाडीवर दिवसाचा माल किती रुपयांचा असतो, तो उधारीवर कुणाकडून उचलतात, सांडला तर संध्याकाळी घरात काय होतं, हे पिक्चर काढणाऱ्याला ठाऊक नसेल. तुला ठाऊक आहे. चार फुटी गल्लीत, उघड्या गटारावरून, पावसात शेवाळलेल्या लादीवरून पळता येतं का, किती वेळ येतं, पत्रा पाय देताच कसा खाली जातो, हे मलबार हिलच्या समीक्षकाने तुझ्याकडून शिकायचं. ज्या विषयात तू परीक्षक व्हायचास त्यातच तू टाळ्या पिटणारा झालास. हातगाडी कुणाची होती, हा प्रश्न तुझ्या एकदाही मनात येऊ नये?

ज्याला हे दिसलं त्याने कसं केलं बघ. अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’, ९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा, थेटरात यायला २००७ साल उजाडलं. त्यात पोलीस एकाच्या मागे वस्तीतून धावतात. धावतात, धावतात आणि दमतात. पोटं सुटलेले हवालदार गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकतात. पळणाराही दमतो. पाठलाग मध्येच चालण्यावर येतो, मग पुन्हा पळणं. हसू येतं, आणि हसता हसता पोटात गोळाही येतो, कारण पकडल्यावर काय होणार ते तुला कळलेलं असतं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ काढणाऱ्या डॅनी बॉइलने या पाठलागाकडून शिकल्याचं मान्य केलं आहे. बघ एकदा, आणि मग तुझ्या गल्लीशी ताडून बघ.

‘ॲनिमल’वर जास्त बोलत नाही, तो पिक्चर मला आवडला नाही. माणसं कापण्यात रस आणि का कापली याचा पत्ता नाही, असं माझं मत. तुझं वेगळं असू दे. पण त्यातल्या फ्रेडीची नक्कल तू टपरीवर करत होतास, ‘डॉल्बीवाल्या’ गुणगुणत. तो उपेंद्र लिमये. ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला नट. ‘जोगवा’ बघितलास? नाही. पाच-दहा मिनिटांच्या फ्रेडीवर जीव टाकलास आणि ज्यात त्याने जीव ओतला तो पिक्चर मोबाइलवर फुकट दिसला तरी पुढे ढकललास.

आणि हजार कोटी. गणितात तू काय दिवे लावले होतेस ते मला ठाऊक आहे, म्हणून सोपं करून सांगते. तू ३०० रुपयांचं तिकीट काढलंस. शंभरावरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये ७६ पैसे सरकारचे. उरले २५४. त्यातले पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थेटरवाल्याचे. राहिलेल्यात वितरक, मग निर्माता. पोस्टरवर छापतात तो आकडा या सगळ्यांच्या आधीचा, जगभरातला, वर परदेशातलं तिकीट डॉलरात. ‘शोले’च्या वेळी तिकीट काही रुपयांचं होतं, तेव्हा कोटींची तुलना करायची तर माणसं मोजावी लागतील, नोटा मोजून भागायचं नाही. ‘पठाण’ आणि ‘जवान’ दोघांनी २०२३ मध्ये हजार कोटींचा गल्ला पार केला, छान झालं, बंद पडायला आलेल्या थेटरांना चार दिवस बरे आले. पण त्यातला एक रुपया तरी तुझ्या घरी आला का? मग दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसून तू का ऐट करतोस? पिक्चर चांगला का, असं विचारलं की तू कलेक्शन सांगतोस. मुलगी कशी आहे विचारलं तर हुंडा किती ते सांगणारे असतात, त्यातला प्रकार.

‘छावा’ बघून अंगावर काटा आला म्हणालास. येऊ दे, लक्ष्मण उतेकरांनी तो यावा म्हणूनच केला आहे. पण बाहेर आल्यावर तू त्या पोरांना इतिहास शिकवायला लागलास, सनावळीसकट, तिथे मी टपरीवर पुढे येणार होते. पिक्चर शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे, आणि कादंबरी म्हणजे बखरही नाही. पिक्चर आल्यावर, २०२५ च्या मार्चमध्ये, मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली गावकरी रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते, मुघलांचं सोनं सापडेल म्हणून! पोलिसांना यावं लागलं. अंगावर काटा येण्याला माझी ना नाही. पण काटा आला म्हणून कुदळ उचलायची नसते. संभाजी महाराजांवर वाचायचं असेल तर आपल्या वाचनालयात वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ मागून घे. जाडजूड आहे, कुरकुर करू नकोस.

झालं. आता मान वर कर.

या रविवारी सुट्टी आहे ना तुला? ‘दीवार’ लाव. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दुसरी खोली नसेल तर आईच्या हाती दे. गोदामातली मारामारी आली की थांबव, पुन्हा मागे घे, पुन्हा बघ. मग वहीत लिही: कोण कुठे उभं होतं, दार कुणीकडे होतं, पहिला वार कुणाचा, कॅमेरा कधी लांब गेला, आवाज कधी बंद झाला, आणि शेवटी किल्ली कुणाच्या हातात होती. दोन पानं. ‘भारी’, ‘फालतू’, ‘स्लो’ आणि ‘पैसा वसूल’ हे शब्द दिसले तर पान फाडीन. शुद्धलेखन तपासणार आहे. मंगळवारी चारनंतर मी घरी असते. येताना टपरीवरच्या त्या चौघांनाही आण, आणि त्यांच्याही हातात वही असू दे.